नकलेबरोबर सरकणारे सूत्र
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही, गुणपत्रक आणि साठ्याची वही ज्या शाळेच्या कपाटात नाही अशी प्राथमिक शाळा शोधून सापडावयाची नाही. अलीकडे यांपैकी बरीचशी कोष्टके संगणकावर किंवा मोबाइलवर स्प्रेडशीटच्या रूपाने ठेवली जातात. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क ही नावे आता शिक्षकाला अपरिचित राहिलेली नाहीत. तथापि ही साधने हाती आली म्हणून काम हलके झाले असे मात्र सर्वत्र घडलेले नाही. कोणी महिन्याच्या एकतीस स्तंभांत एकतीस वेळा तेच सूत्र हाताने लिहीत बसतो. कोणी सूत्र एकदा लिहून त्याची नक्कल उजवीकडे ओढतो, आणि पहिल्या स्तंभात बरोबर आलेले उत्तर दुसऱ्या स्तंभात बिघडलेले पाहून यंत्रावरचा विश्वास गमावतो व पुन्हा कॅल्क्युलेटर हाती घेतो. वस्तुतः अशा वेळी यंत्राने चूक केलेली नसते. त्याला सांगितले तेच त्याने केलेले असते. सूत्राची नक्कल होताना त्यातील काय सरकते आणि काय जागच्या जागी राहते, एवढे ध्यानात आले की रोजचा पाऊण तास वाचू शकतो, आणि तो पाऊण तास मुलांचा असतो.

कोष्टकातील प्रत्येक चौकटीला मराठीत पूर्वापार ‘घर’ म्हणतात. स्प्रेडशीटमध्ये उभ्या स्तंभांना इंग्रजी अक्षरे आणि आडव्या ओळींना अंक असतात. म्हणून सी या स्तंभातील चौथ्या ओळीचे घर ते सी४. (येथे अक्षरे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रात मात्र अक्षरे व अंक दोन्ही इंग्रजी कळांनीच टंकावीत; देवनागरी अंकांनी घराचा पत्ता लागत नाही.) आता सी४ या घरात जर ‘= बी४ * सी३’ असे सूत्र लिहिले, तर वाचणाऱ्यास वाटते की बी४ व सी३ या दोन ठराविक घरांचा गुणाकार मागितला आहे. नक्कल करतेवेळी यंत्र मात्र त्याचा अर्थ निराळा धरते. ‘ज्या घरात सूत्र आहे त्याच्या लगत डावीकडचे घर, आणि त्याच्या लगत वरचे घर’ असा तो अर्थ होय. सूत्र पत्ता वाहून नेत नाही, अंतर वाहून नेते. तेच सूत्र उजवीकडे डी४ मध्ये नेले की ते आपोआप ‘= सी४ * डी३’ होते, कारण नव्या जागी डावा शेजारी सी४ आहे आणि वरचा शेजारी डी३.

गावातील व्यवहारात हे दोन्ही प्रकार नित्य आढळतात. ‘डावीकडच्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवा’ असे सांगितले आणि कुटुंबाने घर बदलले, तर शेजारी बदलतो व किल्ली दुसऱ्याच हाती जाते. ‘मारुतीच्या देवळात जमा’ असे सांगितले तर कोणी कोठेही राहावयास गेला तरी देऊळ बदलत नाही. सूत्रात शेजारी कोण आणि देऊळ कोणते, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवावयाचे असते. यंत्राला ते आपण होऊन कळत नाही. न सांगितल्यास ते सर्वांनाच शेजारी समजते.

देऊळ ओळखू यावे यासाठी जी खूण आहे ती डॉलरचे चिन्ह ($). पैशाशी तिचा काहीही संबंध नाही. ती निव्वळ खुंटी आहे. चिन्ह ज्याच्या आधी येते तेवढेच ते रोवून ठेवते. $बी४ मध्ये स्तंभ पक्का व ओळ मोकळी, बी$४ मध्ये ओळ पक्की व स्तंभ मोकळा, $बी$४ मध्ये दोन्ही पक्की, आणि नुसत्या बी४ मध्ये दोन्ही मोकळी. संगणकावर सूत्र लिहिताना घराच्या नावावर असता एफ४ ही कळ दाबली की हे चार प्रकार एकामागून एक येतात; काही लॅपटॉपवर तिच्याबरोबर एफएन ही कळही दाबावी लागते. मोबाइलवर चिन्ह हाताने लिहावे हेच सोपे.

या युक्तीला थोडा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ फळ्यापाशी होतो. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असलेल्या डॅन ब्रिकलिन यांनी पाहिले की, फळ्यावर मांडलेल्या कोष्टकात एक आकडा बदलला की प्राध्यापकांना त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्यातून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह व्हिझिकॅल्क हा कार्यक्रम तयार केला व तो १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी विक्रीस आला. त्यात सूत्राची नक्कल करताना यंत्र सूत्रातील प्रत्येक घरापाशी थांबून विचारीत असे : हे सरकवावयाचे की तसेच ठेवावयाचे? काम कंटाळवाणे खरे, परंतु ते शिक्षकाला शोभणारे होते, कारण उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ मध्ये हा निर्णय डॉलर चिन्हाच्या रूपाने सूत्रातच लिहून ठेवता येऊ लागला, आणि आजच्या एक्सेल, गूगल शीट्स इत्यादींतही तीच पद्धत आहे. सोय झाली, पण यंत्राचे विचारणे थांबले. आता तो प्रश्न लिहिणाऱ्याने स्वतःस विचारावा लागतो.

प्रत्यक्ष समजण्यास पाढ्यांच्या तक्त्यासारखे दुसरे उदाहरण नाही, आणि तो तक्ता वर्गातही उपयोगी पडतो. पहिल्या ओळीत बी१ पासून उजवीकडे २, ३, ४ असे ३० पर्यंत आकडे लिहावेत. ए स्तंभात ए२ पासून खाली १ ते १० लिहावेत. आता बी२ मध्ये एकच सूत्र लिहून सबंध तक्ता भरावयाचा आहे. सरळ ‘= बी१ * ए२’ असे लिहिले तर बी२ मध्ये २ हे उत्तर बरोबर येते. परंतु ते उजवीकडे ओढले की सी२ मध्ये ‘= सी१ * बी२’ होते. तेथे हवे होते तीन एके तीन. येतात मात्र ६, कारण ए स्तंभातील १ ऐवजी शेजारचे उत्तर २ गुणले गेले. पुढच्या घरात ४ च्या जागी २४, त्यापुढे ५ च्या जागी १२०. चार-पाच घरांतच पाढे आकाशाला भिडतात.

खाली ओढल्यास जे घडते ते अधिक फसवे आहे. बी३ मध्ये ‘= बी२ * ए३’ होऊन उत्तर येते ४. बे दुणे चार. उत्तर अगदी बरोबर! ते केवळ योगायोगाने बरोबर असते. पुढचेच घर पाहिले तर बे त्रिक सहाच्या जागी १२ दिसतात. सूत्र ओढून लगतचे एकच घर तपासण्याची जी सवय असते तिने येथे हमखास फसगत होते. तपासावयाचे तर सर्वांत दूरचे, कोपऱ्यातले घर तपासावे.

घाबरून दोन्ही घरांना दोन्ही खुंट्या मारल्या, म्हणजे ‘= $बी$१ * $ए$२’ असे लिहिले, तर सबंध तक्ता दोनच्या आकड्याने भरून जातो. योग्य विचार असा : पाढ्याचा आकडा नेहमी पहिल्या ओळीत असतो, परंतु स्तंभ बदलला की तो बदलला पाहिजे, म्हणून बी$१. गुणक नेहमी ए स्तंभात असतो, परंतु ओळ बदलली की तो बदलला पाहिजे; म्हणून $ए२. सूत्र झाले ‘= बी$१ * $ए२’. हे एक घर निवडून त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील लहान चौकोन धरून आधी उजवीकडे एडी या स्तंभापर्यंत आणि मग सगळी ओळ खाली अकराव्या ओळीपर्यंत ओढली की २९ पाढ्यांची २९० घरे भरतात. कोपऱ्यातील एडी११ मध्ये ३०० आले पाहिजेत. आले तर तक्ता शुद्ध. सातवीच्या मुलांपुढे हा तक्ता चुकीच्या सूत्राने भरून दाखवावा व चूक कोठे ते शोधावयास सांगावे; पाढे आणि विचार यांची उजळणी एकदमच होते.

आता शाळेच्या खऱ्या गरजेकडे वळू जाता पोषण आहाराचे मासिक पत्रक समोर येते. मध्यान्ह भोजन म्हणून परिचित असलेल्या व २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालणाऱ्या योजनेत इयत्ता १ ली ते ५ वीच्या मुलामागे केंद्रीय मानकाप्रमाणे दररोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम धरतात. ६ वी ते ८ वीसाठी तांदूळ १५० ग्रॅम व डाळ ३० ग्रॅम. पहिल्या गटाचे पत्रक असे मांडावे. ए स्तंभात जिन्नसाचे नाव, बी स्तंभात त्याचे दर मुलामागील ग्रॅम, आणि सी स्तंभापासून उजवीकडे १ ते ३१ तारखा. म्हणजे ३१ तारीख एजी स्तंभात येते. दुसऱ्या ओळीत तारीख, तिसरीत त्या दिवशी जेवलेली मुले, चौथीत तांदूळ, पाचवीत डाळ, सहावीत तेल. सी४ या घरात सूत्र लिहावे : ‘= $बी४ * सी$३ / १०००’. प्रमाण कायम बी स्तंभात आहे, म्हणून स्तंभ पक्का. उपस्थिती कायम तिसऱ्या ओळीत आहे, म्हणून ओळ पक्की. हजाराने भागले ते ग्रॅमचे किलो करण्यासाठी. एवढे एक सूत्र उजवीकडे व खाली ओढले की तिन्ही जिन्नसांचा सबंध महिना तयार होतो. रविवारी तिसऱ्या ओळीतील घर रिकामे राहिले तर खर्च आपोआप शून्य येतो.

येथे खुंटी विसरल्यास काय होते ते आकड्यांनीच पाहावे. समजा १ तारखेस ४३, २ तारखेस ४१ व ३ तारखेस ४४ मुले जेवली. खरा खर्च ४.३, ४.१ आणि ४.४ किलो, एकूण १२.८ किलो. खुंटीविना ओढलेल्या सूत्रात मात्र दुसऱ्या दिवशी प्रमाणाच्या जागी आदल्या दिवसाचे ४.३ येतात आणि खर्च निघतो सुमारे ०.१८ किलो, तिसऱ्या दिवशी तर ८ ग्रॅमही भरत नाही. एकेचाळीस मुलांना पावणेदोनशे ग्रॅम तांदूळ! आरंभी १५० किलो तांदूळ असतील तर खऱ्या हिशेबाने तीन दिवसांनी १३७.२ किलो उरावेत. पत्रक सांगते १४५.५ किलो. तीन दिवसांत आठ किलोंहून अधिक फरक. महिनाअखेरीस कागदावर पोती भरलेली आणि खोलीत पोती रिकामी अशी स्थिती होते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासमोर मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो तो वेगळाच. त्याहून वाईट हे की, कागदावर तांदूळ शिल्लक दिसल्यामुळे पुढची मागणी वेळेवर जात नाही आणि एखादे दिवशी चूल पेटत नाही. ज्या मुलाचे त्या दिवशीचे पोटभर जेवण तेवढेच, त्याच्यापर्यंत ही चूक पोहोचते.

याच पत्रकात असे एक ठिकाण आहे जेथे खुंटी मारणे हीच चूक ठरेल. सातव्या ओळीत तांदळाची आवक व आठव्या ओळीत शिल्लक धरावी, आणि बी८ मध्ये महिन्याच्या आरंभीची शिल्लक लिहावी. सी८ चे सूत्र : ‘= बी८ + सी७ - सी४’. म्हणजे कालची शिल्लक, अधिक आजची आवक, वजा आजचा खर्च. ‘काल’ हा प्रत्येक दिवसाचा निराळा असतो. तो नेहमी डावा शेजारीच असावयास हवा. म्हणून येथे एकही चिन्ह नको. रोजकीर्दीत मागील शिल्लक पुढे ओढतात त्याचेच हे यंत्ररूप होय. डॉलर चिन्ह नव्याने शिकलेला मनुष्य पुष्कळदा ते जेथे तेथे मारीत सुटतो. त्याने बी८ ला खुंटी मारली तर प्रत्येक दिवशी १५० किलोंतूनच वजाबाकी होत राहील आणि साठा कधी संपणारच नाही.

महिन्याच्या आरंभापासून आजवर किती तांदूळ लागला हे रोज पाहावयाचे असेल तर अर्धे बांधलेले आणि अर्धे मोकळे असे सूत्र लागते. सी९ मध्ये ‘= सम($सी४:सी४)’ असे लिहावे; येथे ‘सम’ हे बेरजेचे इंग्रजी नाव यंत्रात इंग्रजी अक्षरांनीच लिहावयाचे. उजवीकडे ओढल्यावर ते डी९ मध्ये ‘$सी४:डी४’, ई९ मध्ये ‘$सी४:ई४’ असे वाढत जाते. गुराचे दावे एका टोकाला खुंटीस बांधलेले असते आणि दुसरे टोक गुराबरोबर फिरते, तसाच हा प्रकार.

बेरजेचा पल्ला मात्र डोळ्यांनी तपासावा. एएच स्तंभात महिन्याची बेरीज घेताना सी४ ते एजी४ पर्यंत पल्ला हवा. तो घाईने झेड४ वर संपला तर शेवटचे सात दिवस गळतात, आणि तेच सूत्र खाली ओढल्याने डाळीचे व तेलाचेही सात दिवस गळतात. अशी गळती केवळ खेड्यातील शाळेत होते असे मानू नये. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोघा नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये राष्ट्रांचे कर्ज आणि त्यांची आर्थिक वाढ यांवर निबंध प्रसिद्ध केला व अनेक देशांच्या राज्यकर्त्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचे मूळ पत्रक मागवून पाहिले, तेव्हा सरासरीचे सूत्र ३० व्या ओळीपासून ४९ व्या ओळीपर्यंत जाण्याऐवजी ४४ व्या ओळीवरच थांबलेले आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले होते. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते व सगळा फरक त्या एका सूत्राने पडला नव्हता. परंतु पल्ल्याची चूक लेखकांनीही मान्य केली. ती पकडली गेली ती एका विद्यार्थ्याने मूळ घरावर जाऊन सूत्र वाचले म्हणून.

गुणपत्रकाबाबत विस्तार नको. दुसऱ्या ओळीत प्रत्येक विषयाचे ‘पैकी’ गुण आणि पाचव्या ओळीपासून विद्यार्थी असतील, तर शेकडेवारीच्या सूत्रात मिळालेले गुण सी५ असे मोकळे आणि पैकी गुण सी$२ असे ओळीपुरते पक्के ठेवावेत. खुंटी विसरल्यास दुसऱ्या मुलाचे गुण भलत्याच ओळीने भागले जातात. ते घर रिकामे असेल तर शून्याने भागल्याची तक्रार यंत्र करते व चूक उघडी पडते. पण त्या घरात कोणताही आकडा असला की चुकीची शेकडेवारी निमूटपणे छापली जाते.

दोन बारकावे अनुभवी माणसासही चकवतात. पहिला असा की, घर ‘कापून’ दुसरीकडे चिकटविले तर त्यातील सूत्र सरकत नाही, जसेच्या तसे राहते. सरकते ते केवळ नक्कल केल्यावर. दुसरा असा की, डॉलर चिन्हाची खुंटी नकलेपुरतीच असते. बी स्तंभाच्या आधी नवा स्तंभ घातला तर $बी४ चे यंत्र स्वतःच $सी४ करते, कारण आकडाच तेथे सरकलेला असतो. हे योग्यच आहे; तेवढ्यावरून सूत्र बिघडले असे समजून ते पूर्ववत करू जाऊ नये.

प्रमाण एकाच घरात ठेवण्याचा मोठा लाभ हा की, शासनाने ते बदलल्यास केवळ बी४ बदलावे लागते. एकतीस सूत्रांना हात लावावा लागत नाही. मात्र बदल महिन्याच्या मध्यात आला असेल तर हाच लाभ उलटतो. १६ तारखेपासून नवे प्रमाण लागू झाले आणि शिक्षकाने बी४ मधील आकडा बदलला, तर १ ते १५ तारखांचा झालेला खर्चही नव्या प्रमाणाने मोजला जातो, आणि आधी पाठविलेल्या माहितीशी पत्रकाचा मेळ बसत नाही. अशा वेळी जुने पत्रक १५ तारखेस बंद करावे, त्याची शेवटची शिल्लक नव्या पत्रकाच्या बी८ मध्ये लिहावी आणि १६ तारखेपासूनचे सूत्र तेथे नव्याने उजवीकडे ओढावे.